पाटीचं तोंड

रोह्याजवळ डोंगरातून उतरणाऱ्या नदीकाठी एक देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे, म्हणून त्यांना कुणी धरत नाही. पेणहून गाड्या घेऊन येणारे आम्ही भक्त त्यांना फक्त वेफर्स, फरसाण आणि वाढदिवसाचा उरलेला केक खाऊ घालतो. पुण्य तेवढ्यात उरकतं.

नदीपलीकडच्या आदिवासी वाडीतली एक म्हातारी घाटावर पानाच्या द्रोणात कुरमुरे विकते. गिऱ्हाईक नसलं की लांब काठीनं आमची रिकामी पाकिटं पाण्यातून ओढून काढते. एकदा पाकिटांबरोबर मेलेला मासा आला. पोट टम्म फुगलेलं. तिनं तो उचलून आमच्यासमोर पायरीवर ठेवला.

"वाडीवाले पाण्यात विष टाकतात," माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या हातात फरसाणाची पिशवी होती. माझ्या हातात वेफर्स.

म्हातारीनं घाटावरच्या 'मासे मारू नयेत' या पाटीकडे काठी केली.

"मला वाचाय येत नाय," ती म्हणाली. "पन पाटीचं तोंड आमच्या वाडीकडं हाय, तुमच्याकडं नाय, येवढं दिसतं."