टायरातली हवा

माजलगावच्या बाहेर आमचं पत्र्याचं घर. पाऊस सरून ऊन तापायला लागलं की दुपारी आत बसवत नाही, आणि मला तर तिथंच बसावं लागायचं. बारावीचं वर्ष, पुढ्यात उष्णता आणि वायूंची गणितं, बाहेर ओट्यावर माझ्या लग्नाच्या गोष्टी. बंद भांड्यातल्या वायूला उष्णता दिली की ती जाते कुठं, हे मला पुस्तकाआधी त्या खोलीनंच शिकवलं. कुठंच जात नाही, आतच राहते. मी भयंकर चिडकी झाले होते आणि त्याचं मला काहीही वाटत नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि माय दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. इतकी वर्षं ते मला मामाकडं ठेवायचे, पण यंदा मामाच तोडीला निघाला होता. मोठी झालेली पोरगी एकटी कुठं ठेवायची, याला आमच्याकडं एकच उत्तर असतं. निघायच्या आधी तिचं लग्न उरकायचं. मला बारावी करून नर्सिंगला जायचं होतं, पण मला विचारतंय कोण?

तलवाड्याकडचे पाहुणे मला बघायला आले. पोहे झाले. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी जमते का विचारलं. मुलाचा चुलता शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याचं एवढ्यावर समाधान होईना. त्यानं अंगणातल्या आमच्या टायरगाडीकडं बघितलं. ऊस वाहायची ही बैलगाडी, चाकांना रबरी टायर.

"सकाळी टायरात हवा भरली तवा सत्तावीस अंश," तो म्हणाला. "टायर फुगत न्हाई असं धर. आतला दाब दुप्पट व्हायला किती अंश लागतील?"

हे गणित मी पत्र्याखाली किती वेळा घोटलं होतं. पण म्हटलं, ढ ठरले तर बरंच आहे, आपोआप उठून जातील. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "चौपन्न."

चुलत्यानं मान डोलावली. "बरोबर. पोरगी हुशार हाय."

अण्णांचा चेहरा खुलला. माय साखर आणायला आत गेली. मी मात्र पाटावर गार पडले. चुकीचं उत्तर देऊन मी पास झाले होते! आता गप्प बसले तर साखर वाटली जाणार आणि दसऱ्याच्या आत मी तलवाड्याला. भीती वाटली हे खरं, पण रागही आला. हा माणूस वर्गात पोरांना हेच शिकवत असणार.

"चौपन्न चूक हाय," मी म्हणाले. "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, मग बेरीज दुप्पट करायची, मग तेच दोनशे त्र्याहत्तर वजा करायचे. तीनशे सत्तावीस येतात. चौपन्नलाच दाब दुप्पट झाला असता तर उन्हात उभ्या गाड्यांचे टायर टिकले असते का?"

चुलत्यानं बशी खाली ठेवली. माय साखरेची वाटी घेऊन दारातच थांबली. कळवतो म्हणून पाहुणे उठले आणि संध्याकाळी फोन आला, मुलगी चांगली आहे, पण उलट बोलते.

माय माझ्याशी बोलेना. मी खोलीत जाऊन बसले. जरा वेळ वाटलं, सुटले. मग लक्षात आलं, लग्न मोडलं म्हणून ऊसतोड थोडीच थांबणार होती. आता हे मला सोबत नेणार, कारखान्याच्या कडेला झोपडीत ठेवणार, आणि परीक्षा इथं राहणार. एका कोंडीतून निघून मी दुसरीत जाऊन बसले होते, तेही स्वतःच्या तोंडानं.

सकाळी अण्णा गाडीच्या टायरात हवा भरत होते. त्यांनी मला हाक मारली.

"गप बसली असतीस तर जमलं असतं."

"हो."

"मग कावून बोललीस?"

"मला परीक्षा द्यायचीय, अण्णा."

हे मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच बोलले. ते हवा भरत राहिले. मग टायर दाबून बघत म्हणाले, "गाडी तुझा काका नेईल. यंदा मी अर्धा कोयता जातो. तुझी माय हितं राहील."

बायकोशिवाय एकटा तोडीला गेलेला गडी म्हणजे अर्धा कोयता. ऊस त्यानंच तोडायचा, मोळ्या त्यानंच बांधायच्या, भाकरीही त्यानंच थापायची, वर सगळ्या टोळीनं त्याला हसायचं. अशा माणसांना अण्णांना स्वतः हसताना मी ऐकलं होतं. मला त्यांच्याकडं बघवेना. मी आत आले, पत्र्याखाली बसले आणि पुस्तकातलं वायूंचं तेच प्रकरण पुन्हा उघडलं. आता मला नापास व्हायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.