गोलकीपर, राणी आणि पियानोवाला

इथे परदेशात, बॉल्सब्रिजच्या आमच्या हॉटेलातला हेडशेफ म्हणजे रोजची डोकेदुखी. त्याची आई पोर्तुगीज, बाप जर्मन. आणि या दोन्ही देशांशी नातं असलेली नामवंत माणसं शोधायचा त्याला नाद. कुणी गोलकीपर, कुणी राणी, कुणी पियानोवाला. त्यांची लांबलचक इंग्रजी माहिती त्याने कपाटाच्या दारावर चिकटवली होती. रोज सकाळी मी ती मोठ्याने वाचेपर्यंत तो मला कामाला हात लावू देत नसे.

"शेफ, कांदे कधी चिरू?"

"आधी राणी. कांदे कुठे पळून जात नाहीत."

अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. बाकी कुणाला हा जाच नव्हता. वर्षभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

माझी शाळा सातवीत सुटली, इंग्रजी धड वाचता येत नाही, हे मी इथे लपवलं होतं. मग स्वच्छतेची लेखी परीक्षा आली. नापास झाले तर नोकरी जाणार होती. त्या सकाळी दारावर माणसांऐवजी स्वच्छतेचे नियम होते. मी घाबरत सुरुवात केली आणि न अडता शेवटापर्यंत पोचले.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. मीठ मागितलं, तू सोडा आणलास. दोन्ही डब्यांवर नावं होती."