सी ब्लॉकचा सचिव

कुणी काहीही सांगितलं की तो उजव्या हाताचं बोट हवेत वर करायचा आणि म्हणायचा, "हे बातमीपत्रात जाणार!"

सांगणाऱ्याचा चेहरा मग पाहण्यासारखा व्हायचा. बिचारा सहज बोलून गेलेला असायचा की पाठ धरली आहे, किंवा सासूबाई येणार होत्या पण विमानं बंद झाली. पुढच्या रविवारी तेच वाक्य नटूनथटून जगभरातल्या सी ब्लॉकवाल्यांच्या फोनवर जाऊन बसायचं.

सी ब्लॉक म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं मुलांचं हॉस्टेल. माझा नवरा तिथला. या हॉस्टेलात राहिलेली माणसं पुढे कुठेही गेली तरी स्वतःला सी ब्लॉकवालेच म्हणवतात, आणि हे नातं बायकोपेक्षा जुनं आहे असं बायकोसमोरच सांगतात. हा बोट वर करणारा माझ्या नवऱ्याला दोन वर्षं ज्युनिअर. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही जवळच, मेनूथला. सी ब्लॉकच्या माजी विद्यार्थी संघाची आयर्लंड शाखा त्याने काढली आणि स्वतःच सचिव झाला. शाखेत माणसं चार. अध्यक्षपद त्याने रिकामं ठेवलं होतं, "योग्य व्यक्ती मिळेपर्यंत".

अशी माणसं तुमच्याही सोसायटीत असतील. पण आमच्या सचिवाची भाषा वेगळ्याच जातीची होती. कुणी विजेवर चालणारी गाडी घेतली, तर "विद्युतयुगात पदार्पण". कुणाची नोकरी गेली, तर "नव्या क्षितिजांच्या शोधात". कॅनडातल्या एकाचा घटस्फोट झाला, तेव्हा मथळा होता "स्वतंत्र वाटचालीस शुभेच्छा", आणि खाली फटाक्यांची चित्रं. त्या माणसाने ग्रुप सोडला. सचिवाने पुढच्या अंकात छापलं, "वैयक्तिक व्यग्रतेमुळे रजेवर".

दोन हजार वीसच्या शेवटी सगळे घरात कोंडलेले असताना त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. सी ब्लॉकमधून सैन्यात गेलेल्यांचा सत्कार. याला कारण होतं. सैन्याच्या मुलाखतीला हा स्वतः एकदा गेला होता आणि तळपाय सपाट निघाल्यामुळे परत आला होता. ही गोष्ट तो कुठल्याही निमित्ताने सांगायचा. बुटांचा विषय निघाला तर हमखास.

शोधता शोधता त्याला कळलं की सी ब्लॉकचे एक निवृत्त मेजर चक्क आयर्लंडमध्येच आहेत, कासलबारला. त्यांची मुलगी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मेजरसाहेब तिच्याकडे पाहुणे म्हणून आले आणि विमानं थांबल्यामुळे अडकले. बायको आधीच वारलेली, मुलगी कोविडच्या वॉर्डात. दिवसभर घरात एकटे.

"वहिनी, अध्यक्ष मिळाले!" फोनवर तो अक्षरशः ओरडला.

आधी सन्मानचिन्ह हवं. दुकानं बंद होती, म्हणून त्याने ऑनलाइन मागवलं. इथे ट्रॉफ्या बनतात त्या खेळाच्या. जी आली तिच्यावर हर्लिंग हा इथला हॉकीसारखा खेळ खेळणारा सोनेरी माणूस होता, हातात काठी घेऊन वाकलेला.

"लांबून बघा ना, बंदूक घेतलेला जवानच वाटतो," तो म्हणाला.

लांबूनही तो हॉकी हरलेला माणूसच वाटत होता.

जानेवारीत घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. तरी हा ट्रॉफी शेजारच्या सीटवर ठेवून, तिला सीटबेल्ट लावून कासलबारला निघाला. मेनूथ ओलांडतो न ओलांडतो तोच गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, गाडी अडवली. पुढचं त्यानेच मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"कुठे निघालात?"

"एका माजी सैनिकाचा सन्मान करायला."

गार्डाने आत वाकून ट्रॉफीकडे पाहिलं. "छान आहे. पण उन्हाळ्यातही ते माजी सैनिकच असतील ना?"

"हो."

"मग ग्रँड. उन्हाळ्यात जा."

दुसऱ्या रविवारी बातमीपत्रात मथळा आला, "सचिवांची मोहीम प्रशासनाने रोखली".

मग ठरला ऑनलाइन सत्कार, प्रजासत्ताक दिनाला. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज "रेडिओसारखा" आहे. नवऱ्याने हे मत आजवर कधी मांडलेलं नाही. मेजरांचा परिचय सचिवाने स्वतः लिहिला होता आणि आदल्या दिवशी मला पाठवला. वाचून मी म्हटलं, "अरे, हे सगळं खरं आहे का? त्यांना विचारलंस?"

"वहिनी, सैनिक स्वतःविषयी बोलत नाहीत. आपणच बोलायचं असतं."

कार्यक्रमाला अमेरिकेपासून सिंगापूरपर्यंतचे चेहरे पडद्यावर आले. सचिव ब्लेझर घालून, टाय लावून. खाली पायजमा होता. तो मध्येच पाणी आणायला उठला, तेव्हा सिंगापूरपर्यंत सगळ्यांना दिसला. मेजर एका कोपऱ्यातल्या चौकटीत, स्वेटर घालून, ताठ बसलेले. मागे स्वयंपाकघर. प्रास्ताविकात सचिवाने शाखेची वाटचाल सांगितली, स्वतःचे तळपाय सांगितले, आणि बऱ्याच वेळाने मला खूण केली. मी वाचायला लागले.

"हिमशिखरांवर शत्रूच्या तोफांसमोर छातीचा कोट करून उभे राहिलेले..."

"एक मिनिट, मुली." मेजर पुढे झुकले. "हे कुणाबद्दल वाचते आहेस?"

"सर... तुमच्याबद्दल."

"मी सॅपर होतो. पूल बांधायचो. आमच्यासमोर तोफा नव्हत्या, नदी होती." त्यांचा आवाज शांत होता. "एकदा पावसात पूल बांधताना माझ्या तुकडीतली दोन पोरं त्या नदीत गेली. एक दोरी सोडवायला उतरला, दुसरा त्याला काढायला. मी काठावर उभा होतो. सत्कार करायचा असेल तर त्यांची नावं घ्या."

आणि त्यांनी ती घेतली. नाव, वडिलांचं नाव, गाव. मग दुसरं नाव, वडिलांचं नाव, गाव.

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. आणि तेवढ्यात आमच्या सचिवाचं बोट वर गेलं. सवयीनेच गेलं, आता वाटतं. पण गेलं.

"सर, हे बातमीपत्रात जाणार!"

"नाही," मेजर म्हणाले. "जाणार नाही."

त्यांची चौकट काळी झाली.

पुढचे काही दिवस सी ब्लॉकने मनसोक्त करमणूक करून घेतली. वर केलेल्या बोटाचं स्टिकर निघालं. ज्यांनी कधी "गुड मॉर्निंग"ला उत्तर दिलं नव्हतं, तेही विनोद पाठवू लागले. आमच्याही घरी पायजम्याचा विषय जेवताना निघायचा. सचिवाने मात्र एकालाही उत्तर दिलं नाही. रविवार आला, बातमीपत्र आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग ग्रुपवरचे विनोदही आटले, कारण त्यांना खाद्य पुरवणाराच गेला होता. बोस्टनला कुणाला तरी जुळी झाली, ती आम्हाला महिन्याने कळली.

मार्चमध्ये मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मेजर होते.

"तो तुमचा सेक्रेटरी कुठे असतो हल्ली? रागावला का?"

"रागावला नाही सर. लाजला आहे."

"मी जरा जास्तच कडक बोललो त्या दिवशी. पण तू सांग, त्याने लिहिलं होतं काय ते!" ते हसले. "नंबर दे त्याचा. इथे लेक सकाळी जाते ती रात्री येते. आली की बिचारी बोलण्याच्या अवस्थेत नसते. परवा माझ्या लक्षात आलं, तीन दिवसांत मी फक्त 'जेवलीस का' एवढंच बोललो आहे."

मी नंबर दिला. नंतर सचिवाकडूनच कळलं, पहिल्या फोनला तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि फोन संपेपर्यंत उभाच होता. मग रोज बोलणं सुरू झालं. काय बोलत असतील, याची मला उत्सुकता होती. एकदा मेजरांना विचारलं.

"तो बोलतो, मी ऐकतो," ते म्हणाले. "कुणी कुठे घर घेतलं, कुणाचा मुलगा कुठे लागला. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. पण आता सगळ्यांची काळजी वाटते. त्या कॅनडावाल्याचं पुढे काय झालं, माहीत आहे का ग तुला?"

"माहीत नाही सर."

"परत लग्न ठरलंय त्याचं," मेजर म्हणाले. "तुम्हाला कुणालाच कसं माहीत नसतं?"

सचिव आता इथे नाही. दोन हजार एकवीसच्या शेवटी कंपनीने त्याला दुसऱ्या देशातल्या कारखान्यात पाठवलं. निरोपसमारंभ त्याने स्वतःच आखला, स्वतःच स्वागताध्यक्ष झाला आणि स्वतःच्या आठवणी सांगताना वेळेचं भान सोडलं. शाखेत आता तीन माणसं आहेत, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही. बोलवणारा नाही, एवढंच.

पण त्याआधी, जूनमध्ये, रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही सगळे कासलबारला गेलो. सचिव ब्लेझरमध्ये, या वेळी जोडीची पँट घालून. हर्लिंगवाला सोनेरी माणूस होताच. त्याच्या आईने कोल्हापूरहून पाठवलेली शालही होती. मेजरांनी घरामागच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. ट्रॉफी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ निरखली.

"हा काय करतोय?"

"सर, लांबून बघा," सचिव म्हणाला.

मेजरांनी हात लांब करून पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यांची मुलगी रात्रपाळी करून आली होती. झोप म्हटलं तरी ऐकेना, बाबांचा सत्कार आहे म्हणून हॉस्पिटलच्या कपड्यांतच खुर्चीत येऊन बसली. सचिवाने मेजरांच्या खांद्यावर शाल घातली, खिशातून कागद काढले आणि खाकरला. चांगला गठ्ठा होता. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे हताशपणे पाहिलं.

सचिवाने सुरुवातीलाच दोन नावं घेतली. नाव, वडिलांचं नाव, गाव. एकही चूक न करता, कागदाकडे न बघता. मेजर खुर्चीत सावरून बसले.

मग त्याचा आवाज चढू लागला, हात फिरू लागले, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर तो एकदम थांबला. मेजरांच्या मुलीची मान कलली होती. तोंड किंचित उघडं, हात खुर्चीबाहेर लोंबकळत होता. गालांवर मास्कच्या दोन रेघा.

मेजर उठले. खांद्यावरची शाल काढून त्यांनी मुलीच्या अंगावर घातली, कडा नीट खोचल्या. मग सचिवाकडे वळून कुजबुजले, "पुढे वाच. पण हळू."

सचिवाने कागद डोळ्यांजवळ धरले आणि उरलेलं सगळं भाषण, एकही ओळ न गाळता, कुजबुजत वाचून दाखवलं. आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या आणि माना वाकवून ते ऐकलं.