तिसरी प्रत

उद्या सगळी पृथ्वी पाण्याखाली गेली तरी गडचिरोलीतल्या एका माणसाकडे तिची नक्कल सापडेल, आणि तीही डब्यात घालून, वर तारीख लिहून ठेवलेली. तो माणूस म्हणजे माझ्या नणदेचे यजमान, आमचे जवाईबापू. उभा जन्म कचेरीत नकला काढण्यात गेला म्हणून असेल, पण मूळ वस्तूवर त्यांचा विश्वासच नव्हता. घरात कॉम्प्युटर आला की लोक त्यावर पत्ते खेळायचे. हे मात्र पहिल्या दिवसापासून तो मरणार असंच धरून चालले.

दर रविवारी आंघोळ करून, धुतलेलं बनियन घालून ते डिस्क भरायला बसत. फोटो, अर्ज, लग्नपत्रिका, लाइटबिलं, जे काही कॉम्प्युटरच्या पोटात असेल ते सगळं त्या चकचकीत तबकड्यांवर उतरायचं. तेवढा वेळ घरात मिक्सर बंद, खलबत्ता बंद, पंखासुद्धा बंद. एकदा मी शेजारच्या खोलीत शिंकले, तर बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "वहिनी, एक डिस्क गेली." शिंकेने डिस्क कशी जाते ते मला अजून कळलेलं नाही, पण तेव्हापासून रविवारी त्यांच्या घरात माझी नणद माझ्या नाकावर लक्ष ठेवून असे.

बरं, एका प्रतीवर भागत नसे. एक घरच्या पेटीत, दुसरी कुरखेड्याला त्यांच्या बहिणीकडे आणि तिसरी कोरपन्याला आमच्याकडे. एवढ्या कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "बियाण्याचं धान कोनी एकाच कोठीत ठेवते काय, वहिनी? घर जळलं तं पेरसान काय?"

मी तेव्हा पन्नाशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी. जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. आज ती बाई भेटली तर मी तिचा कान पिरगाळीन. परसातल्या पेरूवर पोपटांनी उच्छाद मांडला होता. तिने काय करावं? जवाईबापूंनी दिवाळीला आणून दिलेल्या डिस्कांच्या भोकांतून लाल दोरा ओवला आणि झाडाला तोरण बांधलं. उन्हात अशा लखलखत की पोपट तर गेलेच, गल्लीतल्या बायका कुठून आणल्या म्हणून विचारायला लागल्या. उरलेल्या दोन मी मोठ्या मनाने वाटूनही टाकल्या.

आमचे हे, जवाईबापू त्यांना भाऊ म्हणत, झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. हंगामभर विंगेत बसून राजा, राणी आणि खलनायक, तिघांची वाक्यं ते एकाच सपाट सुरात सांगत, रेशनची यादी वाचल्यासारखी. एका दिवाळीत जवाईबापूंनी त्यांच्यापुढे माईक ठेवला आणि एक अख्खा अंक कॉम्प्युटरवर भरून घेतला. पुढच्याच वर्षी हे गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

त्याच पावसाळ्यात जवाईबापूंच्या घराजवळ वीज पडली आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कायमची बसली. पेटी उघडली तर ओलीने सगळ्या डिस्कांवर चट्टे. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून ते आमच्या दारात उभे. पाण्याचा पेला बाजूला सारून म्हणाले, "वहिनी, तिसरी प्रत काढा. भाऊचा आवाज हाय त्यात."

मी त्यांना परसात नेलं.

ते पेरूखाली उभे राहिले. वाऱ्याने एक डिस्क गर्रकन फिरली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात 'भाऊचा आवाज' असं लिहिलेलं, उन्हापावसाने अर्धं पुसलेलं. आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा ओरडणार, म्हणून मी तयार राहिले.

"पोपट येऊन राह्यले काय?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग कामात तं आली."

एवढं बोलून ते धुण्याच्या दगडावर बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनी मला एक तरी वाकडा शब्द बोलायला हवा होता. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुरखेड्याला निघालो. अर्ध्या रस्त्यात मला राहवेना. "तुमच्या बहिणीकडे पेरू आहे का?"

"नाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माकडं हायेत."

त्यांच्या बहिणीने आमचं ऐकून घेतलं, बांगड्या मागे सारल्या आणि तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. प्लास्टिकमध्ये बांधलेलं पुडकं वर आलं. कोरडं, ठणठणीत. "हा आमचा भाऊ म्हणे, बियानं समजून ठेव," ती म्हणाली. "ठेवलं. तुम्ही काय केलं वहिनी तुमचं?" जवाईबापू घाईने म्हणाले, "त्यायचं पीक निघालं."

गडचिरोलीला परतून जवाईबापूंनी नवा कॉम्प्युटर आणला आणि डिस्क लावली. थोडी खरखर झाली, आणि मग हे रेशनच्या सुरात म्हणाले, "नाथ, मला सोडून जाऊ नका." पान उलटल्याचा आवाज आला. तेवढ्यात त्याच सुरात, "चहा ठेवतेस का वं?" त्यावर माझा खणखणीत आवाज, "हात मोडले काय? तुम्हीच ठेवा." नणद आणि जवाईबापू पोट धरून हसले. मीही हसले, मग पदर शोधायला लागले.

आता नव्या कॉम्प्युटरांना डिस्क घालायला जागाच नसते. म्हणून जवाईबापूंनी तो तेव्हाचा नवा, आता जुना झालेला कॉम्प्युटर चादर पांघरून जपून ठेवला आहे. वर्षातून एकदा मी जाते, ते चादर काढतात. अलीकडे त्यांना ऐकू येत नाही. तरी पंखा बंद करून पडद्यावर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसतात, आणि ती जागा आली की माझ्याकडे वळून एक बोट वर करतात. ह्यांचा प्रश्न येतो, त्या आगाऊ बाईचं उत्तर येतं, आणि मी उठून चहा ठेवते.