टनशेठ चार मजले चढतात

खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा काटा आहे, आणि त्या काट्याच्या काचेच्या केबिनमध्ये जो माणूस बसतो त्याला सगळे ड्रायव्हर टनशेठ म्हणतात. नाव कुणी ठेवलं म्हणाल, तर त्यांनी स्वतःच. लोकांनी ठेवण्याआधी आपणच ठेवून मोकळं व्हावं, असा त्यांचा विचार. माणूस अवाढव्य. केबिनच्या दारातून त्यांना तिरकं होऊन आत शिरावं लागतं, आणि खुर्चीने तर केव्हाच हात टेकलेत. तिच्याखाली विटा लावल्या आहेत.

काटेवाल्याचं काम तसं एकट्याचं. ट्रक लोखंडी फळीवर चढतो, आकडा स्थिरावतो, चिठ्ठी निघते, ट्रक उतरतो. बोलायचं ते काचेआडून, भोंग्यावर. "थोडा पुढे घे. बस. ड्रायव्हर खाली उतर." पण टनशेठ तेवढ्यातही गंमत साधत. "ड्रायव्हर खाली उतर रे बाबा, इथे एकाचंच वजन जड आहे, त्यात तुझी भर नको." रांगेतले सगळे खो खो हसत. मग ट्रक निघून जायचा, धूळ खाली बसायची, आणि टनशेठ पुढच्या गाडीची वाट बघत बसायचे.

घरी दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. सगळं घोडं इथेच अडलं होतं. तिच्या लग्नानंतर सुरुवातीला ते धापा टाकत का होईना, वर जायचे. मग गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते बसने जात, इमारतीखालच्या बाकावर बसत, आणि लेक चहाचा थर्मास घेऊन खाली येई. गप्पा होत. गप्पा म्हणजे काय, टनशेठ बोलणार आणि ती हसणार. जावयाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कामात आहेत." थर्मास रिकामा झाला की ती वर जाई, आणि हे बसची वाट बघत तिची खिडकी शोधत उभे राहत. बाप असून लेकीच्या घरी पाहुणासुद्धा होता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे.

"बाबा, तुम्ही कशाला चढता? मी येते ना खाली," ती म्हणे. ऐकून बरं वाटे, आणि टोचेही.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "वजन उतरवा, तरच गुडघे जिने चढू देतील. नाहीतर विसरा."

"डॉक्टरसाहेब, वजन आणि मी लहानपणापासून एकत्र आहोत. एकदम घराबाहेर कसं काढू? निदान नोटीस तरी देतो." डॉक्टर हसले नाहीत. पण परतताना टनशेठांनी मनाशी पक्कं केलं. लेकीच्या दारापर्यंत आपल्या पायांनी जायचं. बाकी त्यांना बारीक होऊन दिसायचं होतं कुणाला?

साखर बंद झाली, तळलेलं बंद झालं. संध्याकाळी उकडलेला दुधी. "आलास का? बस," असं ते ताटातल्या दुधीला म्हणत. दुधी कसला बोलतोय! विनोद करावा, पण आपण हसू नये, हे त्यांना लवकरच कळलं. रिकाम्या खोलीत आपलंच हसणं फार मोठ्याने ऐकू येतं, आणि ते थांबलं की आधीपेक्षा जास्त शांत होतं. मग ते भांडी जरा जोरात आपटून घासत.

उतरलेलं वजन कळायचं कसं, हा पुढचा घोळ. दवाखान्यात जाऊन बोलणी खायची त्यांची तयारी नव्हती, आणि हाताशी होता तो ट्रकचा काटा. तो सरकणार वीस-वीस किलोंनी. नुसत्या माणसाची तर तो दखलच घेत नसे. तेव्हा पाण्याचा टँकर चालवणाऱ्या मिशीवाल्याने शक्कल लढवली.

"टनशेठ, माझा रिकामा टँकर रोज दुपारी काट्यावर चढवतो. तुम्ही शेजारी फळीवर उभे राहा. दोघांचं मिळून आकडा कधीतरी एक घर खाली येईलच की!"

झालं, रोज दुपारी हा कार्यक्रम. मिशीवाला टँकर चढवी, टनशेठ शेजारी पोट आत ओढून उभे राहत, जसं काही पोट आत घेतल्याने वजन घटतं. रांगेतले ड्रायव्हर केबिनवरच्या लाल आकड्याकडे डोळे लावत. आकडा ढिम्म. टनशेठ काहीतरी थट्टा करून उतरत, पण आताशा उतरताना त्यांचा चेहरा पडलेला असे, आणि तो काही कुणापासून लपत नव्हता.

एके दुपारी आकडा पडला. पडला तो थेट शंभर किलोंनी! मागे एकच गलका झाला, ट्रकांचे हॉर्न वाजले. टनशेठांनी आकड्याकडे पाहिलं, मग टँकरकडे पाहिलं. टँकरखालची स्टेपनीची जागा मोकळी होती. काटेवाल्याच्या नजरेतून स्टेपनी सुटायची कशी? त्यांनी केबिनमध्ये जाऊन भोंगा हातात घेतला.

"मंडळी, कालपासून मी शंभर किलो उतरलो आहे. या वेगाने परवा इथे नुसती खुर्ची दिसेल. चिठ्ठ्या तिच्याकडून घ्या."

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मिशीवाला मात्र खिडकीशी येऊन उभा राहिला. "शेठ, रोज तुमचं तोंड बघवत नव्हतं हो. म्हणून म्हटलं..."

"अरे, मग जॅक काढायचास! आख्खं चाक कशाला?"

"जॅक टँकरमध्ये नव्हताच, शेठ. घरी कपाटाच्या पायाखाली आहे."

दोघं पोट धरून हसले. मग टँकर गेला, रांग संपली, आणि टनशेठांना आपलंच बोलणं आठवायला लागलं. परवा नुसती खुर्ची दिसेल. खरंच दिसली, तर हे चांगले लोक हळहळतील आणि नवा काटेवाला येईल. लेकीचं काय? तिला तर बाकावर बसलेला बाप तेवढा ठाऊक. आकडा पडायची वाट बघत बसलो तर चौथा मजला राहूनच जाईल.

सुट्टीच्या दिवशी ते नेहमीच्या वेळेच्या बरेच आधी गेले आणि बाकाकडे न बघता जिन्याला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत गुडघ्यांना चुचकारलं, दुसऱ्यापर्यंत शिव्या घातल्या. तिसऱ्यावर कुणाच्या तरी दारातल्या चपलांच्या फळीवर बसून घेतलं. पट्टा एक भोक आत गेला होता, म्हणजे काहीतरी उतरलं होतं खास. पण जिन्याला ते कुठे ठाऊक? चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता आणि एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यांनी बेल दाबली.

लेकीने दार उघडलं आणि ती पांढरीफटक पडली. "बाबा? तुम्ही वर कसे?"

"क्रेन मागवली होती."

ती हसली नाही. कडीवरचा हातही तिने काढला नाही. पण बाप उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता, तेव्हा तिला बाजूला व्हावंच लागलं.

खोलीत एक खुर्ची होती. भिंतीवर जिथे कपाट असायचं तिथे फिकट चौकोन उरला होता. मोरीपाशी एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. टनशेठ खुर्चीवर टेकले. असं ताट ते रोज स्वतःच्या घरी पालथं घालत. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"जावईबापू?"

"कामात..." ती म्हणाली आणि थांबली. "सोडून गेले, बाबा. वर्ष होत आलं."

"वर्षभर मी दर सुट्टीला खाली येऊन बसतोय. सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू?" ती चिडून म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तुम्ही आलात की एक विनोद, तो संपेपर्यंत दुसरा. मधे श्वास घ्यायला जागा नसायची. तुम्ही इतके खुशीत असायचात, मी कुठे सांगणार होते?"

खुशीत! टनशेठांनी तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. ती त्यांनी बाकावरही पाहिली होती, नाही असं नाही. 'माझं उतरायचं ते चुकून तुझं उतरतंय,' असं त्यावर म्हणालेही होते, आणि ती हसली म्हणून खूश होऊन घरी गेले होते.

आत्ताही जिभेवर काहीतरी आलंच. चांगलं होतं, ती हसलीसुद्धा असती. टनशेठांनी ओठ मिटून घेतले.

"पाणी आणते," लेक म्हणाली.

"पाणी नको. बस इथे."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. मग तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.