भाऊची वाटीभर पंगत

भाऊ गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला. आमच्या ओळीत फोन तेवढा त्यांच्याकडेच आहे. मी अनवाणी धावत गेले, रिसीव्हर कानाला लावला आणि पहिलं काय विचारलं असेल? कसा गेला, कधी गेला... काही नाही. "जेवला होता का?" पलीकडे वहिनी होती. म्हणाली, "जेवले वं कुसुम. वाटी पूर्ण केली. मग जरा आडवे झाले, अन्..." शेजारीणबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. सख्खा भाऊ गेला आणि ही बया जेवणाची चौकशी करते! त्यांना काय सांगणार? आमच्या घरात कितीतरी वर्षं हा एकच प्रश्न होता. उत्तर 'हो' आलं की तो दिवस चांगला गेला, असं आम्ही धरून चालायचो.

भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. गांधीबागेच्या बाजारात त्याचं लुगड्यांचं दुकान, राहायला लकडगंजात. माणूस खाण्याचा शौकीन, आणि शौकीन म्हणजे काय, तर पाटोडीचा रस्सा नाकातून पाणी येईस्तोवर, गोळाभातावर कढत फोडणीचं तेल, आणि वर "पुरणपोळी राहिली का वं एखादी?" हा प्रश्न. पंगतीत त्याच्यापुढे वाढपी दमायचे. आणि स्वतः वाढायला उभा राहिला, की समोरच्याची खैर नाही. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढायचा! पाहुणा हात जोडायला लागल्याशिवाय त्याला जेवू घातल्यासारखं वाटायचंच नाही. आमची सगळी जातकुळीच तशी. भाऊ त्यातला अव्वल नंबर.

असा हा भाऊ एका दुपारी दुकानात रक्ताची उलटी होऊन कोसळला. अल्सर फुटला होता. शैला, त्याची मुलगी, तेव्हा शाळेत होती. डॉक्टरांनी रात्रीच पोट उघडलं आणि जठराचा मोठा भाग कापून टाकला. जगला, पण घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आता पोट एवढंसंच उरलंय. एका वेळी एक वाटी, सावकाश चावून. थोड्या थोड्या वेळानं खायचं. गोडाला हात लावायचा नाही, जेवणावर लगेच पाणी प्यायचं नाही."

एक वाटी! वहिनीने मान डोलावली, घरी आली आणि रोज वाटी मोजून वाढू लागली. भाऊ मात्र रोज कळवळायचा, ओकायचा, हाडं वर आली. आम्ही डॉक्टरांना नावं ठेवून मोकळ्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, कोणत्या वाटीनं वाढता ती घेऊन या. वहिनीने पिशवीतून काढली ती आमच्याकडची रश्श्याची वाटी. पुण्याकडच्या घरात तिला पातेलं म्हणतात. डॉक्टर आधी हसले, मग चिडले, आणि तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा आकार दाखवला. "एवढीशी?" वहिनीचा चेहरा पडला. "एवढ्यात तर आम्ही मीठ ठेवतो जी!" घरभर शोधून त्या मापाची एकच वाटी निघाली, शैलाच्या उष्टावणाची, चांदीची. तिचा पहिला घास जिच्यातून भरवला, त्याच वाटीतून बाप पुन्हा जेवायला शिकला. दोन-तीन महिन्यांत तोंडावर तेज आलं, दुकानाची पायरी चढू लागला. मला तर पेढे वाटावेसे वाटले होते, पण त्यालाच गोड बंद, कोणत्या तोंडाने वाटणार?

घरात जमलं, बाहेर जमेना. चुलत बहिणीच्या लग्नात आमच्या आत्याने "माह्या हातची एक, बस एक" करत जिलबी त्याच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळात भाऊ घामाने निथळला, छाती धडधडू लागली, डोळे फिरले. मांडवात एकच गोंधळ. आत्या आपली म्हणते, "अशक्तपणा आहे, अजून एक द्या!" देवा रे देवा! त्या दिवसापासून भाऊने पंगत सोडली. लग्न असो, बारसं असो, अक्षता टाकायच्या आणि मागच्या दाराने निघायचं. ज्याच्या हसण्याने मांडव दणाणायचा, तो माणूस चोरासारखा निघून जातो, हे मला बघवत नसे. लोक काय, बोलायला मोकळेच. कोणी म्हणे माजला, कोणी म्हणे मोठा आजार आहे, लपवतात.

शैलाचं लग्न ठरलं तोवर ही कुजबुज काटोलपर्यंत पोचली होती. मुलगा तिकडचा, संत्र्यांची बाग असलेल्या घरचा, शैलाला मनापासून आवडलेला. त्याचे वडील गुलाबराव म्हणजे दणकट, मोकळा गडी. त्यांनी मध्यस्थाकडून विचारलं, मुलीचे वडील कुठंच जेवत नाहीत म्हणे, घराण्यात चालत आलेलं काही आहे का? साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यांच्याच घरी, चार दिवसांवर. शैलाने जेवण टाकलं. वहिनी म्हणाली, "उपास आहे म्हणून सांगा अन् चहा घेऊन उठा." भाऊ उसळला. "अन् लग्नात काय सांगू? नातवाच्या बारशाले काय सांगू? जन्मभर उपासच करून राहिलो म्हणू काय? मी बसतो पंगतीत. मोडायचं तर माह्या तोंडावर मोडू दे!"

बसला. बायकांची पंगत नंतर होती, म्हणून मी आणि वहिनी माजघराच्या दारात जीव मुठीत धरून उभ्या. पत्रावळी मांडल्या, वाढपी आले. भाऊने कोटाच्या खिशातून चांदीची वाटी काढली आणि सगळ्यांच्या देखत पत्रावळीवर ठेवली. "यात वाढ गा. वरणभात, वर थोडी भाजी. बस." आणि तेवढ्यात गुलाबराव स्वतः जिलब्यांची परात घेऊन आले. "व्याही, हे काय पोरांचं भांडं घेऊन बसले? आमच्या घरचं गोड तोंड करा. नाही म्हणाल तर मी काय समजू?"

वहिनीने माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. भाऊ शांतपणे म्हणाला, "गुलाबराव, तुमची एक जिलबी खाल्ली तर मी इथंच आडवा होईन, अन् तुमच्या पोराले लग्नाआधीच सासऱ्याले खांदा द्यावा लागन. माहं पोट डॉक्टरनं कापून एवढंच ठेवलं. अल्सर होता, फुटला. घराण्यात कोणाले नव्हता, मीच खाऊन खाऊन करून घेतला. लपवत नाही. आता रोज एवढंच खातो, दुकान चालवतो, अन् पोरीचं लग्नही उभ्यानं करीन."

आणि तो जेवू लागला. एकेक घास किती वेळ चावायचा! आमच्याकडे पंगत एकदम बसते आणि एकदम उठते; एकाचंही व्हायचं असेल तर बाकीच्यांनी बसून राहायचं. त्यात हा तर व्याही. सगळ्यांची पानं आटोपली, हात वाळले, बाहेर दुसरी पंगत ताटकळली. भाऊची वाटी आपली अर्धीच. एक म्हातारबा खाकरले, कोणीतरी गुडघा उचलला. गुलाबराव परात धरून तसेच उभे होते. ते गरजले, "कोणी उठायचं नाही! व्याह्यांचं होऊन नाही राहिलं काय?" मग भाऊसमोर मांडी घालून बसले, परातीतली जिलबी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. "ही तुमच्या वाटची. मी खाल्ली. तुम्ही आरामात जेवा."

भाऊ हसला. कितीतरी वर्षांनी ते मांडव दणाणणारं हसणं! वाटी पुसून खाल्ली, पाणी न पिता उठला, आणि त्याच्याबरोबर सगळी पंगत उठली. माजघरात शैला माझ्या गळ्यात पडून रडत होती. मी तिला रागावले खरी, पण माझंही तेच चाललं होतं.

त्यानंतर भाऊने एक पंगत चुकवली नाही. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, सगळीकडे कोटाच्या खिशात वाटी. आमच्या नात्यागोत्यात पंगत म्हटली की तासभर धरायची, हे ठरूनच गेलं. नव्या सुना कुरकुरायच्या, मग त्यांनाही सवय झाली. रिकाम्या पानांवर बसून आम्ही इतक्या गप्पा मारल्या, इतकी भांडणं मिटवली, इतकी लग्नं जमवली... भरल्या पोटी माणसं बरी बोलतात. शैलाच्या मुलाचं उष्टावण झालं तेव्हा आजोबा आणि नातू एकाच वेळी जेवायला बसले, नातवाचं आधी आटोपलं आणि आजोबा मागे राहिले.

तेरवीला लकडगंजच्या घरी सगळे जमलो. गुलाबराव आता काठीला आले आहेत, तरी काटोलहून आले. बायका-पुरुषांची एकच पंगत बसली, वाढून झालं, कोणी कोणाला आग्रह केला नाही. जेवणं उरकली. हात वाळले. तरी कोणी उठेना. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी माणसं खाली मान घालून बसलेली, जशी इतकी वर्षं बसत आली तशी. वाढपी गोंधळून दारात थांबले. मला सगळं कळत होतं, पण मीही उठले नाही. गुलाबराव तर डोळे मिटून बसले होते.

शेवटी शैला पुढे आली. पदराने तोंड पुसलं आणि अगदी बापाच्या आवाजात म्हणाली, "उठा आता सगळे. बाबांचं पोट भरलं."