आधी मांडा, मग बोलणं

"आधी मांडा, मंग बोलनं," असं म्हणून अक्का माझं बोलणं तोडायच्या. पुरण भरलेली पोळी त्यांच्या दोन्ही हातांवर झुलत असायची. मनगटापासून कोपरापर्यंत पसरत ती पातळ झाली, की पालथ्या खापरावर अलगद पडायची. मग त्या वर बघायच्या. "हां भाऊ, आते बोला."

तुम्ही आमच्याकडे लग्नात जेवला असाल, तर असे मांडे करणाऱ्या बायका पाहिल्या असतीलच. धुळ्यात मी एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक होतो, म्हणून माझी अक्कांशी ओळख.

नवरा गेल्यावर अक्का लोकांकडे धुणीभांडी करत. मग अंगणात चूल मांडली, गल्लीतल्या चार बायकांना मांडे शिकवले आणि लग्नांची कामं धरली.

पुढे आमच्या मालकांनी सगळा स्वयंपाक एका केटररकडे सोपवला. तो अक्कांना म्हणाला, "तुम्ही एकट्या या. पगार देतो. या चौघींचं मला जमणार नाही."

चौघींनी माना खाली घातल्या. अक्कांनी कणीक झाकली.

"चूल मनी शे, हातबी मनाच शेतस. आनि ह्या बठ्ठ्या, चारी जनी, मन्याच शेतस."

खापरं पोत्यात गुंडाळून पाचही जणी निघून गेल्या.

त्या मोसमात त्यांना फारशी लग्नं मिळाली नाहीत. मी गेलो तेव्हा अंगणात पापड चालले होते. "अक्का, चिंता वाटत नाही?"

"वाटस ना. पन चिंता करता करता पापडबी लाटता येतस."

नंतर साक्रीकडच्या एका शेतकऱ्याने मुलीचं लग्न आमच्याकडे ठरवलं आणि मांडे अक्कांचेच हवेत म्हणून हट्ट धरला. केटररने त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मी फाटकाबाहेरची मोकळी जागा झाडून दिली. तिथे चुली पेटल्या. थोड्या वेळाने पाहुणे पंगत सोडून, ताटं हातात घेऊन बाहेर येऊ लागले. नवरदेवाचे काकासुद्धा रांगेत होते.

केटरर फाटकापाशी येऊन उभा राहिला. अक्कांनी त्याच्यापुढे ताटली धरली. "गरम शे, खाई ल्या."

पुढच्या लग्नाला त्याने पाचही जणींना बोलावलं. अक्का गेल्या, पण पगारावर नाही. काम ठरवून, स्वतःच्या चुलीसकट.

काही वर्षांनी त्या चौघींनी एकेक करत आपापली कामं सुरू केली. अक्कांची काही नेहमीची गिऱ्हाइकंही त्यांच्याकडे गेली. मला ते खटकलं, तसं मी बोललोही.

अक्का हसल्या. "मंग? मी का त्यास्ले चाकरी शिकाडी व्हती?"

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. तेराव्याच्या दिवशी सकाळीच चौघी चार बाजूंनी आल्या, आपापलं खापर घेऊन. अंगणात चार चुली पेटल्या. मी काय मदत करू, असं विचारलं, तर एकीने मला पाटावर बसवलं. त्या दिवशी चौघींपैकी कुणीच कुणाच्या हाताखाली नव्हती.